वाक्य आरेखन

वाक्य आरेखन म्हणजे वाक्यातील शब्दांचे परस्परसंबंध रेषांच्या आकृतीने दाखवण्याची व्याकरण-अध्यापनाची पद्धत होय. इंग्रजीत ती 'सेंटेन्स डायग्रॅमिंग' या नावाने ओळखली जाते. या पद्धतीत वाक्यातील शब्द बोलण्याच्या क्रमाने न मांडता त्यांच्या कार्यानुसार मांडले जातात. कर्ता आणि क्रियापद एका आडव्या रेषेवर येतात आणि त्यांचा अर्थ विस्तारणारे शब्द त्या रेषेखाली तिरप्या रेषांवर लिहिले जातात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एकोणिसाव्या शतकात ही पद्धत विकसित झाली. अलोन्झो रीड आणि ब्रेनर्ड केलॉग यांनी रूढ केलेला तिचा प्रकार रीड-केलॉग पद्धत म्हणून प्रसिद्ध आहे. सुमारे शंभर वर्षे ती अमेरिकी शाळांतील इंग्रजी व्याकरणाच्या तासाचा नित्याचा भाग होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिचा वापर घटला. औपचारिक व्याकरण शिकवल्याने विद्यार्थ्याचे लेखन सुधारते काय, या प्रश्नावरील दीर्घ वादाचा तिच्या या पीछेहाटीशी निकटचा संबंध आहे.

मराठी शालेय व्याकरणातील वाक्यपृथक्करण हा प्रकार उद्देशाने या पद्धतीच्या जवळचा आहे. मात्र त्याची मांडणी आकृतीत नसून तक्त्यात असते.

## इतिहास

### पार्श्वभूमी

अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी इंग्रजी व्याकरणाचे अध्यापन मुख्यतः पदपरिचयाच्या रूपात होत असे. विद्यार्थी वाक्यातील एकेक शब्द घेऊन त्याची जात, लिंग, वचन, विभक्ती, काळ इत्यादी माहिती तोंडी सांगत असे. लॅटिन व्याकरणाच्या अध्यापनातून आलेल्या या रीतीत प्रत्येक शब्दाची ओळख पटत असली, तरी संपूर्ण वाक्याची रचना नजरेसमोर उभी राहत नसे. इंग्रजीत विभक्तिप्रत्यय फारसे उरलेले नसल्यामुळे शब्दाच्या रूपावरून त्याचे वाक्यातील कार्य सहसा कळत नाही. त्यामुळे पदपरिचयाची ही उणीव इंग्रजीच्या बाबतीत अधिक जाणवत असे.

या उणिवेवर उपाय म्हणून चिन्हांचा व आकृत्यांचा वापर सुरू झाला. फ्रेडरिक बर्नार्ड यांनी १८३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात्मक व्याकरणाच्या पुस्तकात वाक्यरचना दाखवण्यासाठी चिन्हांचा उपयोग केला होता. बर्नार्ड हे कर्णबधिर विद्यार्थ्यांचे शिक्षक होते. कानाने भाषा ग्रहण न करणाऱ्या विद्यार्थ्यांना वाक्याची घडण डोळ्यांना दिसेल अशा रीतीने समजावणे ही त्यांच्या अध्यापनाची गरज होती.

### क्लार्क यांचे 'फुगे'

न्यूयॉर्क राज्यातील होमर या गावच्या कॉर्टलंड अकॅडमीतील शिक्षक स्टीव्हन वॉटकिन्स क्लार्क यांनी १८४७ मध्ये 'अ प्रॅक्टिकल ग्रामर' हे पुस्तक प्रसिद्ध केले. शब्द, पदबंध आणि वाक्ये यांचे वर्गीकरण त्यांनी वाक्यातील कार्यानुसार केले आणि त्यासाठी आकृत्यांची संपूर्ण पद्धत मांडली. या आकृत्यांत प्रत्येक शब्द लांबट गोलाकार कप्प्यात लिहिलेला असे आणि संबंधित शब्दांचे कप्पे एकमेकांना चिकटवलेले असत. या आकारामुळे त्या पुढे 'फुग्यांच्या आकृत्या' म्हणून ओळखल्या गेल्या. साध्या वाक्यांसाठी त्या सुबोध होत्या. परंतु दीर्घ मिश्र वाक्य घेतले की फुग्यांची दाटी होई आणि ती आकृती फळ्यावर काढणे जिकिरीचे ठरे.

### रीड आणि केलॉग

अलोन्झो रीड आणि ब्रेनर्ड केलॉग हे दोघे ब्रुकलिन येथील पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटमध्ये अध्यापन करीत. रीड इंग्रजी व्याकरण शिकवत, तर केलॉग इंग्रजी भाषा व साहित्याचे प्राध्यापक होते. त्यांचे 'हायर लेसन्स इन इंग्लिश' हे पाठ्यपुस्तक १८७७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी क्लार्क यांचे फुगे वगळून केवळ रेषा ठेवल्या आणि रेषांच्या दिशेला व्याकरणिक अर्थ दिला. आकृती जलद काढता येऊ लागल्याने ती फळा, पाटी आणि वही या तिन्हींसाठी सोयीची झाली.

या पुस्तकाच्या उपशीर्षकातच भाषेचे शास्त्र हे अभिव्यक्तीच्या कलेला साहाय्यभूत व्हावे, अशी भूमिका मांडलेली आहे. आकृतीवर तेव्हाही आक्षेप घेतले जात होते आणि लेखकद्वयाने प्रस्तावनेत त्यांचा परामर्श घेतला आहे. आकृतीत शब्दांचा मूळ क्रम मोडतो, हा आक्षेप त्यांनी दोष म्हणून न स्वीकारता गुण म्हणून मांडला: बाह्य क्रमाच्या पलीकडील तार्किक क्रम पाहण्याची सवय त्यामुळे विद्यार्थ्याला लागते, असे त्यांचे म्हणणे होते. त्याचबरोबर आकृतीचा अतिरेक होण्याचा धोकाही त्यांनी नोंदवला. नेहमीच्या रचना अंगवळणी पडल्यावर केवळ अवघड रचनांसाठीच आकृती वापरावी, असा त्यांचा सल्ला होता. पुढील काळात अनेक वर्गांत हा सल्ला मागे पडला आणि आकृती काढणे हेच साध्य होऊन बसले. या पद्धतीवरील नंतरच्या टीकेचा बराचसा भाग याच विपर्यासाला उद्देशून आहे.

## पद्धतीचे स्वरूप

### मूलभूत रेषा

रीड-केलॉग पद्धतीतील मुख्य संकेत पुढीलप्रमाणे आहेत.

- आडवी मूळरेषा: तिच्या डाव्या भागात उद्देश्य आणि उजव्या भागात क्रियापद लिहितात. दोहोंमध्ये मूळरेषेला छेदून खाली जाणारी उभी रेषा असते. ही रेषा वाक्याचे उद्देश्य व विधेय असे दोन भाग करते.
- कर्म: क्रियापदानंतर उभी रेषा काढून तिच्या पुढे कर्म लिहितात. ही रेषा मूळरेषेवर टेकते, तिला छेदत नाही.
- पूरक: 'असणे', 'होणे' यांसारख्या क्रियापदांनंतर येणाऱ्या पूरकापूर्वीची रेषा उद्देश्याच्या बाजूला झुकलेली असते. पूरक उद्देश्याविषयी सांगते, हे त्या झुकावातून सूचित होते.
- विशेषण, उपपद व क्रियाविशेषण: ज्या शब्दाचा अर्थ ते विस्तारतात त्याच्याखाली तिरप्या रेषेवर लिहिले जातात.
- शब्दयोगी पदबंध: इंग्रजीत नामापूर्वी येणारे शब्दयोगी अव्यय तिरप्या रेषेवर आणि त्याचे नाम तिला जोडलेल्या आडव्या रेषेवर असते.
- उभयान्वयी अव्यय: जोडलेले घटक समांतर रेषांवर लिहून त्यांच्यामधील तुटक रेषेवर अव्यय मांडतात.
- गौण वाक्य: त्याला स्वतंत्र आडवी रेषा मिळते आणि ती मुख्य वाक्यातील संबंधित शब्दाशी तुटक रेषेने जोडली जाते. नामवाक्य मात्र लहान खांबावर उभे करून नामाच्या जागी बसवतात.
- संबोधन व केवलप्रयोगी अव्यय: वाक्यातील कोणत्याही घटकाशी त्यांचा व्याकरणिक संबंध नसल्याने ती मूळरेषेच्या वर सुट्या रेषेवर लिहितात.

आज्ञार्थी वाक्यातील अध्याहृत कर्ता कंसात दाखवला जातो. प्रश्नार्थक वाक्याची आकृती काढण्यापूर्वी त्याचा क्रम विधानार्थी वाक्यासारखा करून घ्यावा लागतो.

### उदाहरण

'द ओल्ड फार्मर सोल्ड हिज काऊ इन द मार्केट' (म्हाताऱ्या शेतकऱ्याने आपली गाय बाजारात विकली) हे वाक्य घेतल्यास प्रथम क्रियापद शोधले जाते: 'सोल्ड'. कोणी विकली, या प्रश्नाचे उत्तर 'फार्मर' आणि काय विकले, या प्रश्नाचे उत्तर 'काऊ'. हे तीन शब्द मूळरेषेवर येतात. 'द' आणि 'ओल्ड' हे 'फार्मर'च्या खाली, तर 'हिज' हे 'काऊ'च्या खाली तिरप्या रेषांवर जातात. 'इन द मार्केट' हा पदबंध विकण्याची जागा सांगतो, म्हणून 'इन'ची तिरपी रेषा 'सोल्ड'खाली काढून 'मार्केट' तिच्या आडव्या रेषेवर आणि 'द' त्याच्याखाली लिहिला जातो.

नऊ शब्दांच्या या वाक्यात सहा शब्द मूळरेषेच्या खाली जातात. वाक्याचा कणा कोणता आणि विस्तार कोणता, हा भेद विद्यार्थ्याला व्याख्या पाठ न करता दिसतो. कोणताही शब्द आकृतीबाहेर ठेवता येत नसल्याने प्रत्येक शब्दाचा संबंध ठरवणे भाग पडते.

## अध्यापनातील उपयोग

### संदिग्धता उघड करणे

'द बॉय सॉ द मॅन विथ द टेलिस्कोप' या वाक्याचे दोन अर्थ होतात: मुलाने दुर्बिणीतून माणसाला पाहिले, किंवा दुर्बीण जवळ असलेल्या माणसाला पाहिले. पहिल्या अर्थी 'विथ'ची रेषा क्रियापदाखाली, तर दुसऱ्या अर्थी 'मॅन'खाली येते. एकाच शब्दमालिकेच्या दोन आकृत्या होतात. संदिग्धता शब्दांत नसून जोडणीत आहे, हे त्यातून स्पष्ट होते.

मराठीतही हा प्रकार आढळतो. 'मुले जुन्या शाळेच्या इमारतीत राहिली' या वाक्यात 'जुन्या' हे विशेषण शाळेचे की इमारतीचे, हे शब्दाच्या रूपावरून ठरत नाही. कारण दोन्ही नामांपूर्वी त्याचे सामान्यरूप सारखेच होते. विशेषणाची रेषा कोणत्या नामाखाली काढायची, हे ठरवताना लेखकाला आपला अभिप्रेत अर्थ निश्चित करावा लागतो. आवश्यक तर 'शाळेच्या जुन्या इमारतीत' अशी फेररचनाही करावी लागते.

### लेखनातील चुका ओळखणे

काही ठरावीक चुकांचे कारण आकृतीत चटकन दिसते.

- अन्वयाची चूक: 'द बॉक्स ऑफ मँगोज' या उद्देश्यात मूळरेषेवर 'बॉक्स' असतो आणि 'मँगोज' त्याच्याखाली जातो. म्हणून क्रियापद एकवचनी हवे. क्रियापदाच्या लगतचे नाम पाहून ते अनेकवचनी करण्याची चूक त्यामुळे टळते.
- अपूर्ण वाक्य: 'बिकॉज इट वॉज रेनिंग' (पाऊस पडत होता म्हणून) एवढेच लिहिल्यास 'बिकॉज'ची तुटक रेषा जोडण्यासाठी मुख्य वाक्यच मिळत नाही.
- सर्वनामाचे रूप: 'बिट्वीन यू अँड आय' या रचनेत दोन्ही सर्वनामे शब्दयोगी अव्ययाच्या आडव्या रेषेवर येतात. ती उद्देश्याची जागा नव्हे. त्यामुळे 'आय'ऐवजी 'मी' हे इंग्रजी रूप योग्य ठरते.
- कर्म व पूरक यांतील गोंधळ: 'शी मेट अ डॉक्टर' आणि 'शी इज अ डॉक्टर' ही वाक्ये वरवर सारखी दिसतात. पहिल्यात दोन व्यक्ती आहेत, दुसऱ्यात एकच. सरळ व झुकलेली रेषा हा भेद दाखवते.

### वर्गातील वापर

फळा हे या पद्धतीचे मुख्य साधन होते. एक विद्यार्थी फळ्यावर आकृती काढी आणि इतर विद्यार्थी प्रत्येक रेषेला कारण विचारत. शिक्षकाला संपूर्ण वर्गाचे काम एका दृष्टिक्षेपात तपासता येई. तोंडी उत्तरात संदिग्ध राहून वेळ निभावता येते. रेषा मात्र कुठेतरी जोडावीच लागते. विद्यार्थ्याचा गैरसमज नेमका कोठे आहे, हे शिक्षकाला त्यामुळे कळते.

सर्वच विद्यार्थ्यांना ही पद्धत सारखी उपयुक्त ठरत नाही. कोडे सोडवल्याचा आनंद काहींना मिळतो. अमेरिकी लेखिका गर्ट्रूड स्टाइन यांनी १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत वाक्यांच्या आकृत्या काढण्याचा शालेय अनुभव अत्यंत रोमांचक असल्याचे म्हटले आहे. उलट, संकेतांची संख्या वाढत गेली की काही विद्यार्थ्यांना भाषेबरोबर आणखी एक चिन्हव्यवस्था शिकण्याचा भार होतो.

## टीका आणि संशोधन

विसाव्या शतकाच्या मध्यापासून औपचारिक व्याकरणाच्या अध्यापनाची परिणामकारकता तपासणारे अनेक अभ्यास झाले. १९६३ मध्ये रिचर्ड ब्रॅडॉक, रिचर्ड लॉइड-जोन्स आणि लोवेल शोअर यांनी लेखनविषयक संशोधनाचा आढावा प्रसिद्ध केला. औपचारिक व्याकरणाच्या अध्यापनाचा लेखनसुधारणेवर नगण्य परिणाम होतो आणि प्रत्यक्ष लेखनाच्या सरावाचा वेळ त्यात खर्ची पडत असल्याने ते हानिकारकही ठरू शकते, असा त्यांचा निष्कर्ष होता. १९८५ मध्ये अमेरिकेतील इंग्रजी शिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेने लेखन-वाचनापासून तोडलेल्या व्याकरणाच्या सुट्या स्वाध्यायांविरुद्ध ठराव केला. या वातावरणात अनेक सार्वजनिक शाळांतून वाक्य आरेखन मागे पडले.

२००७ मध्ये स्टीव्ह ग्रॅहॅम आणि डोलोरेस पेरिन यांनी इयत्ता ४ थी ते १२ वीच्या विद्यार्थ्यांवरील अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यात व्याकरणाच्या थेट अध्यापनाचा लेखनाच्या गुणवत्तेवरील परिणाम उणे ०.३२ इतका, तर लहान वाक्ये जोडून मोठी वाक्ये तयार करण्याच्या सरावाचा परिणाम ०.५० इतका आढळला. मात्र अनेक अभ्यासांत व्याकरण शिकवलेला गट हा केवळ तुलनेसाठी घेतलेला होता, हे या आकड्यांचा अर्थ लावताना लक्षात घ्यावे लागते.

या संशोधनाच्या वाचनात दोन बाबी महत्त्वाच्या ठरतात. पहिली, यांतील बहुतेक अभ्यास औपचारिक व्याकरणाविषयी आहेत, केवळ वाक्य आरेखनाविषयी नाहीत. दुसरी, त्यांत मोजलेला परिणाम लेखनाच्या गुणवत्तेवरील आहे. वाक्यरचनेची समज, अवघड गद्याचे आकलन किंवा परभाषेचे अध्ययन यांवरील परिणाम हा वेगळा प्रश्न आहे. इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठातील डेब्रा मायहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात व्याकरण हे लेखनाच्या प्रत्यक्ष कामात गुंफून शिकवल्यास लेखनात सुधारणा होते, असे आढळले. तिचा लाभ प्रामुख्याने लेखनात आधीच पुढे असलेल्या विद्यार्थ्यांना झाला.

आकृती काढता येणे आणि चांगले लिहिता येणे ही दोन भिन्न कौशल्ये आहेत. आकृती तयार वाक्याचे विघटन करते; लेखकाला मात्र वाक्य घडवायचे असते. म्हणून आरेखनाचे आजचे काही समर्थक आकृतीनंतर त्याच वाक्याची फेररचना, विस्तार किंवा जोडणी करून घेण्यावर भर देतात.

२००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या किटी बर्न्स फ्लोरी यांच्या 'सिस्टर बर्नाडेट्स बार्किंग डॉग' या पुस्तकामुळे या पद्धतीकडे सामान्य वाचकांचे लक्ष पुन्हा वेधले गेले. अमेरिकेतील काही खाजगी व धार्मिक शाळांत आणि घरी शिक्षण देणाऱ्या कुटुंबांत ती आजही वापरली जाते.

## भाषाविज्ञानातील आकृत्यांशी संबंध

वाक्याच्या आकृत्या भाषाविज्ञानातही वापरल्या जातात. परंतु त्यांचा हेतू वेगळा असतो. नोम चॉम्स्की यांच्या 'सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स' (१९५७) या ग्रंथापासून प्रचलित झालेल्या वृक्षाकृतीत वाक्याचे क्रमाक्रमाने लहान पदबंधांत विभाजन होते आणि शब्दांचा मूळ क्रम कायम राहतो. फ्रेंच भाषावैज्ञानिक ल्युसियाँ तेनिएर यांच्या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात (१९५९) क्रियापद सर्वांत वर असून कर्ता आणि कर्म हे दोन्ही त्याचे अवलंबित घटक मानले आहेत. रीड-केलॉग आकृती तिरप्या रेषांद्वारे अवलंबन दाखवते; मात्र उद्देश्य व विधेय यांना समान स्थान देते. या दृष्टीने ती दोहोंच्या मधली आहे.

पाणिनीय परंपरेतील कारकविचारही क्रियाकेंद्री आहे. कर्ता, कर्म, करण, संप्रदान, अपादान आणि अधिकरण ही सहा कारके क्रियेशी असलेले संबंध दर्शवतात. या विचाराच्या आधारे भारतीय भाषांच्या संगणकीय विश्लेषणाची चौकट अक्षर भारती, विनीत चैतन्य आणि राजीव संगल यांनी १९९५ मधील ग्रंथात मांडली.

## मराठीच्या संदर्भात

### वाक्यपृथक्करण

मराठी शालेय व्याकरणात वाक्याचे उद्देश्यविभाग आणि विधेयविभाग असे दोन भाग करून प्रत्येक घटक तक्त्यात लिहिण्याची रीत आहे. मो. रा. वाळंबे यांच्या सर्वपरिचित व्याकरणपुस्तकातही वाक्यपृथक्करणाचा समावेश आहे. 'माझ्या धाकट्या भावाने काल बाजारातून ताजी फळे आणली' या वाक्याचे पृथक्करण असे होते.

- उद्देश्य: भावाने
- उद्देश्यविस्तार: माझ्या, धाकट्या
- कर्म: फळे
- कर्मविस्तार: ताजी
- विधेयविस्तार: काल, बाजारातून
- क्रियापद: आणली

तक्त्यात घटकांची नावे स्पष्टपणे कळतात. परंतु विस्ताराचाही विस्तार असेल, तर तो एकाच रकान्यात सलग लिहिला जातो. 'जुन्या शाळेच्या इमारतीत' हा संपूर्ण भाग विधेयविस्ताराच्या रकान्यात बसतो आणि 'जुन्या'चा संबंध अनिर्णित राहू शकतो. आकृतीत तो निर्णय टाळता येत नाही.

### रीड-केलॉग पद्धतीच्या मर्यादा

ही पद्धत इंग्रजीसाठी घडवलेली आहे. मराठीला ती जशीच्या तशी लावताना काही अडचणी येतात.

मराठीत बहुतेक संबंध विभक्तिप्रत्ययांनी आणि नामाला जोडून येणाऱ्या शब्दयोगी अव्ययांनी दाखवले जातात. त्यामुळे अव्ययासाठी वेगळी तिरपी रेषा ठेवावी की प्रत्ययासह संपूर्ण पद एका रेषेवर लिहावे, हे ठरवावे लागते. एकच प्रत्यय निरनिराळी कारके दाखवतो: 'रामाने चाकूने आंबा कापला' या वाक्यात पहिला 'ने' कर्त्याचा आणि दुसरा करणाचा आहे.

इंग्रजीत क्रियापद उद्देश्याशी जुळते. म्हणून मूळरेषेची छेदरेषा अन्वयाचीही खूण ठरते. मराठीच्या कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माप्रमाणे बदलते ('भावाने फळे आणली'), तर 'शिपायाने चोराला पकडले' या भावे प्रयोगात ते कोणाप्रमाणेच बदलत नाही. 'मला थंडी वाजते' यासारख्या वाक्यात अनुभव घेणारी व्यक्ती एका पदात आणि क्रियापदाशी जुळणारे रूप दुसऱ्या पदात असते. त्यांपैकी मूळरेषेवर कोणते ठेवावे, हा वादाचा विषय होतो. 'आज लवकर सांजावले' या वाक्यात कर्त्याची जागा रिकामीच राहते, आणि 'हा माझा भाऊ' या वाक्यात क्रियापद अध्याहृत असते.

या अडचणींचा अध्यापनात उपयोगही होऊ शकतो. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याने एकाच आशयाची मराठी व इंग्रजी वाक्ये शेजारी मांडली, तर मराठीत प्रत्ययाने होणारे काम इंग्रजीत स्थानाने आणि सुट्या अव्ययाने होते, हे त्याच्या ध्यानात येते. 'रामाने आंबा खाल्ला' आणि 'आंबा रामाने खाल्ला' या दोन्ही वाक्यांची आकृती एकच राहते. इंग्रजीत मात्र नामांच्या जागा बदलताच कर्ता आणि कर्म यांची अदलाबदल होऊन अर्थ उलटतो.

## हेही पाहा

- वाक्यपृथक्करण
- प्रयोग (मराठी व्याकरण)
- कारक
- विभक्ती
- वाक्यविचार